पीकसल्ला आणि पशुसल्ला एकाच पानावर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या अंकात पीकसल्ला एका दिवशी येतो, पशुसल्ला दुसऱ्या दिवशी. दोन्हींची कात्रणं मी काढते आणि दोन वेगळ्या वह्यांत चिकटवते. गेल्या वर्षी आमची गाय दगावली. नंतर दोन्ही वह्या उलटून पाहिल्या. तिला वाचवू शकली असती अशी ओळ एकीतही सापडली नाही.

आमची शेती तीन एकरांची. ज्वारी, तूर, भुईमूग, बांधावर शेवरी, कडेला घरापुरता भाजीपाला. गोठ्यात तेव्हा दोन गाई आणि एक कालवड होती, शिवाय सात शेळ्या आणि कोंबड्या. राबणारी माणसं तीन : मी, माझे पती आणि सासूबाई.

ज्वारी काढल्यावर बुडख्यांना फुटवे यायला लागले. चारा वाढावा म्हणून मी त्यांना युरिया दिला. खोडव्याला नत्र दिलं की चारा वाढतो, हे पीकसल्ल्यातच वाचलं होतं आणि ते खरंही आहे. मग पावसाने ताण दिला, फुटवे गुडघ्याच्या खालीच राहिले. एका सकाळी दोन्ही गाई दाव्याला हिसडा देऊन त्यांत शिरल्या. थोड्याच वेळात मोठीला धाप लागली, तोंडाला फेस आला, पाय लटपटले आणि ती आडवी झाली. डॉक्टर पोचेपर्यंत ती गेली होती. दुसरीने कमी खाल्लं होतं, तिला शिरेतून सोडियम थायोसल्फेट मिळालं आणि ती उठली. जुनी माणसं किराळ लागणं म्हणतात ते हेच.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, जनावराच्या पोटात त्यातून हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटतं. पाण्याचा ताण पडला की धुरिन वाढतं, जास्त नत्रानेही वाढतं. आमच्याकडे दोन्ही एकाच वेळी घडलं होतं. पीक फुलोऱ्यात आल्यावर त्याचं प्रमाण उतरतं, आणि कापून नीट वाळवलेल्या चाऱ्यात धोका पुष्कळ कमी होतो. म्हणजे फुलोरा येईपर्यंत राखण केली असती, किंवा फुटवे कापून वाळवले असते, तर गाय आज गोठ्यात असती. सल्ला देणाऱ्याला पीक ठाऊक होतं, चारा खाणारं जनावर त्याच्या विषयात नव्हतं.

अशा जागा आणखी आहेत. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची ते औषधाच्या डब्यावर असतं, पण त्याच पिकातलं खुरपलेलं तण शेळ्यांपुढे टाकायचं की नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. आता आम्ही फवारलेल्या वावरातली काडीही शेळ्यांना घालत नाही. मेंढ्या पाळणाऱ्यांनी तर तांबं त्यांच्या पोटात जाण्याला फार जपावं. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारलेल्या बागेत चरून त्यांच्या यकृतात तांबं साठतं आणि बऱ्याच दिवसांनी मेंढी अचानक मरते. गाईंचं खुराक मिश्रण मेंढ्यांना घातलं तरी तोच धोका, कारण गाईला चालणारं तांबं मेंढीला सोसत नाही.

फायदाही अशाच सांध्यांत आहे, आणि तो मी रोज पाहते. जनावराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या पालाशाचा (पोटॅशियमचा) मोठा भाग शेणात नसतो, मुतात असतो. स्फुरद (फॉस्फरस) मात्र जवळजवळ सगळं शेणात. आम्ही वर्षानुवर्षं शेण गोळा केलं आणि मूत गटारात सोडलं. आता गोठ्यात कोरडी माती आणि शेंगांची टरफलं पसरतो, भिजली की उकिरड्यात थर देतो. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यातही मुतात भिजलेली माती होतीच. ढीग तीनदा परतायचा, साधारण तीन महिन्यांत खत तयार. न कुजलेलं शेण आम्ही वावरात टाकत नाही, कारण त्याच्यामागे हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. कुजलेलं खत पडलेल्या तुकड्यात पहिल्या पावसानंतरची माती हाताला वेगळी लागते. ती लागायला आम्हाला चार वर्षं गेली.

याची किंमत माणसाच्या वेळात मोजावी लागते, तेही लिहिते. पीक दोन दिवस थांबतं, धार थांबत नाही. म्हणून आम्ही कामांची सांगड विण्याच्या तारखांशी घालतो. शेळी सुमारे १५० दिवसांनी विते, गाय २८० दिवसांच्या आसपास. काढणीच्या ऐन घाईत करडं जन्मली तर कुणाच्याच वाट्याला पुरेसं लक्ष येत नाही. हे गणित आम्ही चुका करत शिकलो, तुमच्या पानावर ते एका चौकटीत मावेल.

संयुक्त राष्ट्रांनी २०१४ हे कौटुंबिक शेतीचं वर्ष म्हणून पाळलं आणि २०१९ ते २०२८ हे दशकही त्यालाच दिलं. त्या निमित्ताने तुम्ही लेख छापलेत, ते मी वाचले. त्यात पिकाचा खर्च वेगळा आणि दुधाचा वेगळा मांडला होता. आमच्याकडे कडबा गाईचा, शेण वावराचं, सांडलेला दाणा कोंबडीचा. तशा ताळेबंदात यातलं काहीच दिसत नाही.

माझी विनंती एवढीच. आठवड्यातून एक पान पीक आणि पशू दोन्ही जाणणाऱ्यांकडून एकत्र लिहून घ्या. पहिला विषय ज्वारीच्या फुटव्यांचा असावा, आणि तो पावसाने ओढ देण्याच्या आधी छापावा. माझ्या वहीतल्या नोंदी उपयोगी पडणार असतील तर पाठवते. वाचलेली गाय आता गाभण आहे. तिच्या वेळेला फुटवे येण्याचे दिवस असतील, म्हणून या वर्षी आम्ही बुडखे आधीच उपटून टाकतो आहोत.

आपली,
एक शेतकरी वाचक