चाँदबिबीच्या आईची पोथी नगरकरांना पाहायला मिळावी – मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

मंडळाच्या सभासदांना आणि हितचिंतकांना वेगळी ओळख द्यायला नको. मागच्या पावसाळ्यात छत गळू लागले, तेव्हा कापडबाजारातल्या एका व्यापाऱ्याने न मागता पत्रे पाठवले. कोणी ऐकले तर रागावतील, म्हणून त्यांचे नाव लिहीत नाही. आपल्या मोडी-फार्सीच्या सरांनी नऊ वर्षे एक पैसा न घेता वर्ग चालवला. गुडघे दुखायचे तरी जिना चढून येत, आणि चार विद्यार्थी असले तरी चाळीस असल्यासारखे शिकवत. माळीवाड्यातल्या एका आजींनी पेन्शनमधून कपाट घेऊन दिले. आज आपली सगळी कागदपत्रे त्याच कपाटात आहेत. या सर्वांच्या जिवावरच मंडळ उभे आहे.

आता मुख्य विषय. आफताबी नावाच्या कवीने नगरचा सुलतान हुसेन निजामशाह पहिला याच्या स्तुतीसाठी ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फार्सी काव्य रचले. हुसेनशाहाची कारकीर्द १५५३ ते १५६५ अशी. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत त्याने इतर दख्खनी सुलतानांसह विजयनगरचा पाडाव केला. त्याच वर्षी हुसेनशाहही गेला. त्या सुमाराची सचित्र प्रत आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत तिची गणना होते. मूळची चित्रे १४, त्यांपैकी १२ उरली आहेत. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड बहरले आहे. म्हणजे आपल्या संस्कृत काव्यातले दोहद (सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते ही कल्पना), फार्सी पोथीत, आणि तेही नगरच्या दरबारात! सरांनी हे चित्र पहिल्यांदा दाखवले तेव्हा वर्गात कोणी बोललेच नाही.

पण मन अडकते ते पुसलेल्या जागेपाशी. हुसेनशाहाची बेगम खुंझा हुमायून म्हणजे चाँदबिबीची आई. नवऱ्यामागे मुलगा मुर्तझा लहान म्हणून तिने राज्यकारभार पाहिला. पुढे मुलानेच तिला कैदेत टाकले. पोथीत ती राजाच्या शेजारी रंगवलेली होती. नंतर तिची आकृती पुसून टाकण्यात आली. राजा जिथल्या तिथे आहे, शेजारी मात्र डाग. एरवी पोथी कोणाकोणाच्या हातून गेली ते शिक्क्यांवरून कळते. इथे मालकाचा राग चित्रावरच उमटला आहे. १५९५-९६ मध्ये मुघलांविरुद्ध किल्ला लढवणाऱ्या लेकीचे नाव नगरमध्ये प्रत्येकाच्या तोंडी आहे. तिच्या आईचे आपल्याला ठाऊकही नाही, याचे वाईट वाटते.

तरीही पोथी एकत्र राहिली, हे आपले भाग्य. याच काळात, १५६८ मध्ये, इराणच्या शाह तहमास्पने आपला २५८ चित्रांचा शाहनामा, म्हणजे इराणी राजांच्या कथांच्या महाकाव्याची पोथी, तुर्की सुलतानाला नजर केली. पुढे ती पॅरिसला गेली, तिथून १९५९ मध्ये एका अमेरिकन संग्राहकाकडे. त्याने पाने सुटी केली, काही विकली. उरलेला भाग १९९४ मध्ये एका आधुनिक चित्राच्या बदल्यात इराणला परत मिळाला. पुण्याच्या मंडळाने आपली पोथी जपली, १९८७ मध्ये छापून प्रसिद्धही केली. त्यांचे ऋण नगरकरांनी मानायलाच हवे.

आता या १२ चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती, मराठी माहितीसह, रीतसर परवानगी घेऊन आपल्या सभागृहात कायमच्या लावायच्या, असा कार्यकारिणीचा ठराव झाला आहे. यासाठी एका कार्यालयात तीन हेलपाटे घातले. “फार्सी पोथीचा नगरशी काय संबंध?” असे उत्तर मिळाले. मागच्या व्याख्यानाला खुर्च्या भाड्याने आणल्या होत्या, निम्म्या तशाच परत गेल्या. असो. दसऱ्याच्या आत काम झाले नाही तर फलक करणाऱ्याने दर वाढवण्याचे सांगितले आहे, म्हणून ही घाई.

एका फलकाचा खर्च ४,५०० रुपये. पूर्ण, अर्धा किंवा जमेल तेवढा द्या. धनादेश मंडळाच्या नावे. रोख रक्कम कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ (रविवार बंद), पावती लगेच. फलकावर देणगीदाराचे किंवा दिवंगत आप्तांचे नाव येईल, ते मराठीत स्वच्छ लिहून द्यावे. वर्गणी थकलेल्यांनी तीही सोबत भरावी.

आणखी एक विनंती, जिला पैसे लागत नाहीत. घरात जुनी फार्सी पोथी किंवा कागद असतील तर रद्दीत घालू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. फार्सी पोथी आपल्या उलट्या बाजूने उघडते, त्यामुळे शेवटचे वाटते ते तिचे पहिले पान असते. कोरे समजून ते फाडू नका. मालकाचे शिक्के, खरेदीच्या नोंदी, कधी किंमतसुद्धा तिथेच सापडते. सुती कापडात गुंडाळून आणा, आम्ही फोटो काढून तुमच्यासमोर परत देऊ. दर शनिवारी सर स्वतः बसतात.

आपला,
चिटणीस