रेडिएटर मोठा नको, बसणारा हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चिखलवाटांवर जीप घेऊन जाणाऱ्या हौशी मंडळींसाठी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. फोटो झकास आहेत. पण 'गाडी तापत असेल तर जाड जाळीचा मोठा ॲल्युमिनियम रेडिएटर टाकून मोकळे व्हा' या त्यातल्या वाक्याशी माझं जुनं वैर आहे. हाच सल्ला दोन वर्षांपूर्वी मला एका दुकानात मिळाला होता. मी तो ऐकला, साडेनऊ हजार मोजले आणि मोकळा झालो, तो भर पावसात शेतात.

मी हौशी जीपवाला नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली. वेल्ह्याकडे आमची भातखाचरं आहेत आणि शेवटच्या अडीच किलोमीटरला रस्ता म्हणणं हा रस्त्याचा अपमान आहे. म्हणून २००३ साली सेकंडहँड घेतलेली महिंद्राची एमएम ५४० अजून दारात उभी आहे. तिचा मूळचा तांब्या-पितळेचा रेडिएटर खालच्या टाकीपाशी गळायला लागला. दुकानदाराने गाडीचं मॉडेल विचारलं, जाळीचं, म्हणजे दोन टाक्यांमधल्या नळ्यांच्या भागाचं, माप विचारलं नाही. 'बसेल काका, थोडं इकडेतिकडे करावं लागेल,' म्हणाला. ॲल्युमिनियमची जाळी, दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या टाक्या, वजन इतकं कमी की मी एका हाताने उचलला आणि खूष झालो.

'इकडेतिकडे' म्हणजे काय ते घरी येऊन बॉनेट उघडल्यावर कळलं. जाड जाळी पंख्याच्या इतकी जवळ आली होती की पंख्याभोवतीचा काऊल, म्हणजे ते पत्र्याचं कोंडाळं, काढूनच टाकलं होतं. सिंहगड रस्त्यावर काही फरक जाणवला नाही. पन्नासच्या वेगात वारा आपोआप जाळीतून जातो, पंखा नसला तरी चालेल अशी स्थिती असते. पण एप्रिलच्या दुपारी खानापूरवरून पाबे घाट चढायला घेतला, मागे खताची पोती, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग दहा-बारा. तिथे जी काय हवा मिळायची ती पंख्याने ओढलेली. काऊल नसला की पंखा पात्यांच्या टोकांवरून तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा घुसळत बसतो. अर्ध्या घाटात काटा लाल पट्ट्यात. जाड जाळीचंही तसंच आहे. मागच्या नळ्यांना मिळते ती पुढच्या नळ्यांनी तापवलेली हवा, आणि जाडी वाढली की पंख्याला ओढायलाही जड. जाडी दुप्पट केली म्हणून गारवा दुप्पट होत नाही.

ॲल्युमिनियमला मी नावं ठेवत नाही. उष्णता वाहण्यात तांबं त्याच्या दीडपटीहून सरस, पण जुन्या रेडिएटरमध्ये नळ्या पितळेच्या आणि सांधे शिसं-कथलाचे, तिथे तांब्याचा बराचसा मोठेपणा निघून जातो. नव्या गाड्यांत ॲल्युमिनियम उत्तम काम करतं, कारण ती गाडी त्या मापाने आखलेली असते. माझा प्रश्न वेगळा आहे. तो फुटला की दुरुस्त कोण करणार?

आणि तो फुटलाच. मूळ रेडिएटर रबरी बुशांवर बसलेला होता, नवा थेट बोल्टांनी आवळलेला. एक चाक चरात उतरलं की जीपची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, पिळवटते, तो पीळ रबर खातं. रबर नसेल तर टाकी खाते. जुलैत, लावणीच्या दिवसांत, प्लास्टिकची टाकी जिथे जाळीला दाबून बसवलेली असते ती कड उकलली. वर धो धो पाऊस, खाचरात गुडघाभर पाणी, आणि रेडिएटर कोरडा! शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने वेल्ह्यापर्यंत ओढत नेली. तिथल्या गॅरेजवाल्याने टाकीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, 'पितळेची असती तर अर्ध्या तासात डाग मारून दिला असता.'

यातला सगळ्यात बोचणारा भाग सांगायचा राहिला. जुना रेडिएटर दुकानदाराने 'टाकून देऊ का?' म्हणत ठेवून घेतला आणि बिलात पाचशे रुपये कमी केले. मला तो त्याचा उदारपणा वाटला. भंगारातला तांब्याचा भाव मी नंतर विचारला, तो इथे लिहीत नाही. पण नुकसान पैशांपुरतं नव्हतं. जुन्या रेडिएटरची जाळी गेली तरी पितळेच्या टाक्या बहुधा धड असतात, त्यांनाच नवी जाळी झाळून घेता येते. मग दोन रविवार आणि एक बुधवार जुन्या बाजारात घालवले, तेव्हा त्याच मॉडेलचा, जाळी फाटलेला पण टाक्या शाबूत असलेला एक नग मिळाला. नाना पेठेतल्या एका कारागिराने त्याला नवी जाळी बसवली. मी मुद्दाम पट्टी लावून मोजलं: नळ्यांच्या मधल्या त्या पातळ पत्र्या, एका इंचात ११. त्या ॲल्युमिनियमवाल्यात १७ होत्या. कागदावर १७ बऱ्या, पण चिखल आणि गवताचं बी त्यांच्यात एकदा बसलं की निघत नाही, अन् सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने धुवायला जावं तर पत्र्याच मुडपतात. इंजिनच्या बाजूने साध्या पाइपने धुवावं. कारागिराने हवा भरून रेडिएटर हौदात बुडवून दाखवला, एक बुडबुडा नाही. सगळा खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी. बिल नाही दिलं, हे खरं.

खरं तर कोणताही रेडिएटर घेण्याआधी दोष रेडिएटरचाच आहे का ते पाहायला हवं. ढिला फॅन बेल्ट, झिजलेली वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप), खालचा होजपाइप आतून चपटा होणं, यातलं काहीही गाडी तापवू शकतं. झाकणसुद्धा. दाबाच्या प्रत्येक पौंडामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो, झाकणाची स्प्रिंग मेली की तेवढं सगळं हातचं जातं. म्हणून जास्त पौंडांचं झाकण लावायचा शहाणपणाही नको, जुने सांधे तो दाब सोसत नाहीत. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकण्याचा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय कृपा करून कोणी करू नये. पाण्याबद्दल धायरीकरांना काय सांगायचं! आमच्या बोअरच्या पाण्याने किटलीत थर चढतो तसाच नळ्यांतही चढतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं निम्मं.

लेखकाने पुढच्या भागात निदान काऊल आणि रबरी बुश यांचा उल्लेख करावा ही विनंती. रेडिएटर विकणाऱ्यांनी बिलावर जाळीची लांबी-रुंदी-जाडी, धातू आणि झाकणाचा दाब लिहून द्यावा, एवढं आपण छापलंत तरी पुष्कळ झालं. आणि वाचकांनी दुकानातून निघताना जुना रेडिएटर मागून घ्यावा. जड असतो, रिक्षा करावी लागली तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त टूलरूमवाला,
धायरी, पुणे ४१