'द वायर' संथ आहे, रेंगाळलेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'द वायर' या अमेरिकी मालिकेविषयीचा लेख वाचला. पाच भाग पाहूनही मालिका पकड घेत नाही, समीक्षकांनी तिला कितीही डोक्यावर घेतले असले तरी प्रेक्षकाने किती वाट पाहायची याला मर्यादा असावी, आणि जी कलाकृती आस्वादाआधी तपश्चर्या मागते ती कुठेतरी फसलेलीच असते, असे लेखकाचे म्हणणे आहे. यातला शेवटचा मुद्दा मला तत्त्वतः मान्य आहे. तो 'द वायर'ला लागू पडतो असे मात्र वाटत नाही, आणि तसे का वाटते ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र.

या मालिकेचे बरेचसे नुकसान तिच्या चाहत्यांनीच केले आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. 'सुरुवातीचे चार-पाच भाग कसेबसे काढा, पुढे खरी मजा आहे,' असा सल्ला ते ज्याला त्याला देत असतात. हा सल्ला ऐकून पाहायला बसलेला माणूस काढ्याचे घोट मोजावेत तसे भाग मोजत राहतो, आणि मोजण्यात गुंतल्यामुळे समोर काय चालले आहे तिकडे त्याचे लक्ष राहत नाही. आपल्या लेखकाचेही असेच काहीसे झाले असावे. सुरुवातीचे भाग म्हणजे पुढच्या मजेसाठी भरायचे प्रवेशशुल्क, अशी समजूत एकदा करून घेतली की ते भाग कंटाळवाणे वाटणारच.

मालिकेच्या नावातली 'वायर' म्हणजे पोलिसांनी न्यायालयाच्या परवानगीने लावलेले फोन टॅपिंग. गंमत अशी की पहिल्या पर्वात हे टॅपिंग सहाव्या भागापर्यंत सुरूच होत नाही. आपल्या लेखकांनी पाचव्या भागानंतर मालिका सोडली, म्हणजे अगदी उंबरठ्यावरून ते परत फिरले. पण तोवरचे पाच भाग वाया गेलेले नसतात. बाल्टिमोर शहरातल्या अमली पदार्थांच्या एका टोळीविरुद्ध तपास सुरू होतो तो केवळ एका न्यायाधीशाने वरिष्ठांना फोन करून डिवचले म्हणून. वरिष्ठांना हा तपास नकोच असतो, त्यामुळे वेगवेगळ्या विभागांना नकोशी झालेली माणसे या पथकात ढकलली जातात आणि त्यांना बसायला तळघरातली एक खोली दिली जाते. टोळीतली माणसे स्वतःच्या फोनवर बोलत नाहीत, पेजर वापरतात. पेजरवर आलेला आकडा सांकेतिक असतो, तो उलगडून एखाद्या सार्वजनिक फोनवरून उत्तर द्यायचे असते. टॅपिंगची परवानगी मिळवायची तर तपासाचे इतर मार्ग थकले आहेत हे न्यायालयाला पटवून द्यावे लागते. परवानगी मिळाल्यावरही, सार्वजनिक फोनवर बोलणारा माणूस संशयितच आहे हे कुणीतरी समोरच्या गच्चीवर बसून डोळ्यांनी पाहावे लागते, आणि संभाषण गुन्ह्याशी संबंधित नसेल तर ऐकणे थांबवावे लागते. हे सगळे टप्पे गाळून तिसऱ्या मिनिटाला हेडफोन लावलेला पोलीस दाखवणे कुठल्याही निर्मात्याला जमले असते. तशा मालिकांची वानवा नाही. इथे तपासाचा संथपणा हाच कथेचा विषय आहे, कारण कायदा, कागदपत्रे, वरिष्ठांची नाराजी आणि अपुरी साधने यांतून वाट काढत एखादी गोष्ट सिद्ध करणे किती जिकिरीचे असते, ते या मालिकेला सांगायचे आहे.

लेखकांनी पाहिलेल्या पाच भागांतच दोन माणसांच्या कथा सुरू झालेल्या आहेत, त्यांचा उल्लेख लेखात नसावा याचे मला आश्चर्य वाटले. लेस्टर फ्रीमन हा वयस्क डिटेक्टिव्ह सुरुवातीला टेबलावर मान खाली घालून बाहुलीघराचे छोटे छोटे फर्निचर कोरत बसलेला दिसतो. कॅमेराही त्याच्याकडे फारसे लक्ष देत नाही. निवृत्तीची वाट पाहणारा निरुपयोगी माणूस अशी आपण मनात नोंद करतो आणि विसरून जातो. मग टोळीप्रमुखाचा चेहरा कुणालाच ठाऊक नसताना तो न बोलता बाहेर पडतो आणि बॉक्सिंगच्या एका जुन्या पोस्टरवरचा त्याचा फोटो घेऊन येतो. एका रिकाम्या घराच्या भिंतीवर खरडलेला पेजरचा नंबरही त्याच्याच नजरेला पडतो. दुसरा प्रेझ, त्याच पथकातला एक पोलीस. त्याची ओळखच एका संतापजनक कृत्याने होते. नशेत तो एका पोरगेल्या मुलाच्या तोंडावर पिस्तूल मारतो आणि त्या मुलाचा डोळा जातो. शिक्षा म्हणून कार्यालयात बसवलेला हाच माणूस पेजरचा संकेत उलगडतो: फोनच्या बटणांवर पाचच्या आकड्यावरून उडी मारून पलीकडचा आकडा घ्यायचा, आणि पाचच्या जागी शून्य. चौथ्या पर्वात तो शाळेत गणित शिकवताना दिसतो. दुसरी एखादी मालिका असती तर त्याचे पापक्षालन झाल्याचे एकदा तरी कुणाच्या तोंडून वदवले असते. इथे ते काम आपल्यावर सोडलेले आहे, आणि ज्याला त्या मुलाचा डोळा आठवतो त्याला प्रेझच्या वर्गातला प्रत्येक प्रसंग जरा वेगळा दिसतो.

तिसऱ्या भागातला बुद्धिबळाचा प्रसंग बहुतेकांच्या लक्षात राहतो. अड्ड्यावरची दोन पोरे, बोडी आणि वॉलेस, बुद्धिबळाचे मोहरे घेऊन भलताच खेळ खेळत असतात, आणि त्यांच्यापेक्षा थोडा मोठा डिअँजेलो त्यांना खरा खेळ समजावतो. राजाला सगळ्यांनी मिळून जपायचे, हत्ती म्हणजे आपला मालाचा साठा, तो सतत जागा बदलत राहणार, आणि प्यादी सर्वांत आधी मरणार. मग राजा कसे होता येते, असा प्रश्न निघतो. राजा हा राजाच राहतो, असे उत्तर मिळते. २००२ साली दाखवला गेलेला हा प्रसंग स्वतंत्रपणेही चांगला आहे. पण डिसेंबर २००६ मध्ये, चौथ्या पर्वाच्या शेवटच्या म्हणजे एकूण ५० व्या भागात, बोडी एका बाकावर बसून एका पोलिसाशी बोलत असताना त्याच पटाचा विषय निघतो. बोडीची पुढची हकीगत मी सांगणार नाही. मधल्या ४६ भागांत त्याच्या वाट्याला काय काय आले ते पाहिलेल्या माणसाला तो अर्ध्या मिनिटाचा उल्लेख जिथे जाऊन लागतो, तिथे सारांश वाचून किंवा निवडक प्रसंग पाहून पोहोचता येत नाही.

माझा धीर सुटला नव्हता असे कुणी समजू नये. दुसऱ्या पर्वाच्या दुसऱ्या भागानंतर मीही मालिका सोडली होती आणि दोन वर्षे तिच्याकडे फिरकलो नव्हतो. पहिल्या पर्वात ज्या इमारती, जी माणसे ओळखीची झाली होती, त्यांना बाजूला सारून कथा एकदम बंदरावर जाते. तिथे गोदी कामगारांची युनियन, तिचा पुढारी फ्रँक सोबोत्का, आणि एका कंटेनरमध्ये सापडलेले १३ स्त्रियांचे मृतदेह. मला ती फसवणूक वाटली. परत पाहायला घेतल्यावर लक्षात आले की या पर्वातला सगळा तपास एका चर्चच्या खिडकीवरून सुरू होतो. रंगीत काचेची खिडकी कुणी अर्पण करायची यावरून सोबोत्का आणि व्हॅल्चेक नावाचा एक पोलीस अधिकारी यांच्यात चुरस लागते, व्हॅल्चेकचा अहंकार दुखावतो आणि केवळ त्या आकसापोटी तो युनियनच्या पैशांमागे पोलीस लावतो. मृत स्त्रियांसाठी कुणी पुढे होत नाही, खिडकीसाठी होतात. हे कोणतेही पात्र बोलून दाखवत नाही. म्हणूनच मला ते पहिल्या वेळी दिसले नव्हते.

आता लेखकांच्या मूळ आक्षेपाकडे वळतो, कारण तो इतर अनेक मालिकांच्या बाबतीत रास्त आहे. दोन तासांच्या कथेला आठ तासांपर्यंत ताणण्याची खोड सध्या सर्रास दिसते, आणि असा पाणी घातलेला ऐवज 'प्रगल्भ' म्हणून खपवला जातो. संथ आणि रेंगाळलेले यांतला फरक ओळखण्यासाठी माझी एक घरगुती कसोटी आहे: मधला एखादा प्रसंग काढून टाकला तर पुढे कुठे काही कोसळते का? रेंगाळलेल्या मालिकेत काहीच कोसळत नाही, तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन आलात तरी कथा तिथेच असते. 'द वायर'मध्ये सहसा कोसळते. अर्थात या कसोटीला पहिला अपवाद खुद्द या मालिकेचा अगदी पहिलाच प्रसंग आहे. रस्त्यावर पडलेल्या एका तरुणाच्या प्रेताशेजारी जिमी मॅकनल्टी हा डिटेक्टिव्ह एका साक्षीदाराशी बोलत बसला आहे. तो तरुण दर शुक्रवारी जुगाराच्या डावातले पैसे उचलून पळायचा, मग त्याला खेळायला घेत का होता, असे मॅकनल्टी विचारतो. घ्यावेच लागते, ही अमेरिका आहे, असे उत्तर मिळते. त्या खुनाचा पुढच्या कथेशी काही संबंध नाही. प्रसंग गाळला तरी कथानकाचा एकही दुवा तुटत नाही, आणि तरीही तो नसता तर ही मालिका तीच राहिली असती असे मला म्हणवत नाही. तेव्हा कसोटी अपुरी आहे, हे मान्य.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. बाल्टिमोरच्या गल्लीतली बोली इंग्रजी चांगले येणाऱ्यालाही चटकन कळत नाही, आणि 'रि-अप' म्हणजे संपलेला माल पुन्हा भरणे, असले खुलासे कुणी करत नाही. सबटायटल्स लावावीत, त्यात कमीपणा नाही. कुठे हळहळायचे, कुठे दचकायचे हे सुचवणारे पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही. पर्वाअखेरीचे प्रसंग सोडले तर गाणे ऐकू येते ते गाडीतल्या रेडिओवरून किंवा एखाद्या बारमधून. एका हातात फोन घेऊन मालिका बघण्याची सवय लागलेल्यांची इथे गैरसोय होते, कारण मान वर करण्याचा इशारा देणारे संगीतच नसते.

चौथे पर्व शाळेवर आहे, आणि माझ्या मते टेलिव्हिजनवर याहून सरस काही मी पाहिलेले नाही. मालिकेचे जनक डेव्हिड सायमन यांनी 'बाल्टिमोर सन'मध्ये गुन्हेवार्ताहर म्हणून काम केले होते. त्यांचे सहलेखक एड बर्न्स आधी त्याच शहराच्या पोलीस दलात डिटेक्टिव्ह होते आणि नंतर तिथल्याच शाळेत शिक्षक. चार मुलांची कथा सांगताना हा अनुभव जाणवतो. आधीच्या तीन पर्वांतली माणसे एकेक करून जी जागा रिकामी करतात ती या चौघांपैकी कोण भरणार, हे आपल्याला त्या मुलांच्या आधी कळू लागते. ते कळणे सुखाचे नाही.

याउलट पाचव्या पर्वाबाबत चाहत्यांनी उगाच वकिली करू नये. एकामागून एक खून करणाऱ्या कल्पित खुन्याचे ते कथानक, आणि 'बाल्टिमोर सन'च्या कचेरीतली सरळसरळ चांगली किंवा सरळसरळ वाईट माणसे, हे आधीच्या चार पर्वांच्या शहाणपणाशी जुळत नाही. वर्तमानपत्राच्या संपादकांना लिहिताना संकोच वाटतो, पण त्या पर्वातला एक तपशील मला चोख वाटला: प्रेक्षकांच्या जिवाभावाच्या एका पात्राच्या खुनाला त्या वर्तमानपत्रात चार ओळींचीही जागा मिळत नाही.

राहता राहिला मानसन्मानाचा मुद्दा. समीक्षकांच्या स्तुतीमुळे लेखकांवर दडपण आल्याचे लेखात जाणवते. त्यांनी ते बाळगू नये. २००२ ते २००८ या काळात एचबीओवर चाललेल्या या मालिकेला एकही एमी पुरस्कार मिळाला नाही, फक्त लेखनासाठी दोन नामांकने मिळाली. दिवसभराच्या कामानंतर ज्याला दोन घटका करमणूक हवी आहे, त्याने साधारण तासातासाचे ६० भाग पाहिलेच पाहिजेत असे मुळीच नाही. ज्याला पाहायचे असतील त्याने रोज एकच पाहावा आणि दुसऱ्या दिवशी पुढचा लावण्याआधी आदल्या दिवशीचे काय आठवते ते स्वतःलाच विचारून घ्यावे, एवढे सुचवतो.

एक किरकोळ दुरुस्ती. लेखात प्रत्येक पर्वाचे १२ भाग असल्याचे छापले आहे. पहिल्या आणि चौथ्या पर्वाचे प्रत्येकी १३, दुसऱ्या आणि तिसऱ्याचे प्रत्येकी १२ आणि पाचव्याचे १० भाग आहेत.

आपला नम्र,
एक नियमित वाचक