बाल्कनीची फरशी झाली, मनापासून आभार!

धायरीतल्या आमच्या बाल्कनीत मी स्वतः टाइल्स बसवल्यात, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि हे ज्यांच्यामुळे जमलं त्यांची नावं इथे लिहीत नाही पण आभार जाहीर मानायचेच आहेत.

भवानी पेठेतले दुकानदार काका, व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास पितच नाही, ०.५ टक्क्याहूनही कमी, म्हणून साधं सिमेंट तिला नीट धरत नाही, टाइल चिकटवायचं अ‍ॅडेसिव्हच घे आणि टाइल भिजवत बसू नको, हे तुम्ही गिऱ्हाईकांची गर्दी सोडून समजावलंत.

शेजारच्या बिल्डिंगवर काम करणारे मिस्त्री दादा, तुमचे तर किती आभार मानू! जेवणाच्या सुट्टीत वर आलात, आधी सगळ्या टाइल्स कोरड्याच मांडायला लावल्यात, काटकोनी गुणिया लावून कोपरा तपासलात, पाणी जाळीकडे जाईल असा उतार दोरी बांधून दाखवलात. खाचांच्या थापीने रेघा एकाच दिशेने ओढायच्या, मग टाइल दाबली की हवा बाहेर पडते आणि खाली पोकळी राहत नाही, हे हात धरून शिकवलंत. पैसे घेतलेच नाहीत, फक्त चहा. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं खरंच.

खालच्या मजल्यावरच्या काकू, कटरचा आवाज दुपारभर सहन केलात, वर पोहे पाठवलेत.

टाइल्समधल्या फटींत ग्राउट मात्र २४ तास थांबूनच भरलं मिस्त्री दादा, तुम्ही सांगितलं तसंच. एकदा येऊन बघून जा ना.