बाळ्या, तुझ्या कुलपाबद्दल

सोमवार पेठ, कराड
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय बाळ्या,

"कराडचं बंद घर ठेवू का विकून मोकळा होऊ?" असं तू फोनवर विचारलंस आणि मी "लिहून कळवतो" म्हणालो. तू हसलास. पण फोनवर सांगायला बसलो असतो तर निम्म्यात "अरे, डोंबिवली आलं" म्हणून तू उतरला असतास आणि माझं राहिलं असतं. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती मला तोंडानं सांगवणार नाही. ती पुढे येईल. वहिनींना पत्र वाचून दाखवणार असशील तर तेवढा भाग गाळ.

आधी आनंदाची बातमी. नात झाली. सुनंदा पाच डिसेंबरपासून मुलीकडे पुण्याला आहे, म्हणजे मी दीड महिना एकटा. बाहेरचं खातो, भांडी साठवतो, रात्री नाटकं बघत जागतो. थोडक्यात, होस्टेलवरचा शिऱ्या परत आलाय, फक्त आता त्याला साखरेची गोळी लागते.

तर ही फजिती त्यातलीच. आपल्या गल्लीत रोज सकाळी घंटागाडी येते. गाणं वाजवत येते, ते आता मला झोपेतही पाठ आहे. गाडीवर ज्या मावशी असतात त्यांनी सुनंदा गेल्यावर तिसऱ्या दिवशी माझी पिशवी हातात घेतली, नुसती वर धरून बघितली आणि परत दिली.

"काकू न्हाईत व्हय घरात?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डब्यावनं. हिरव्या डब्यात भाजीचं देठ न्हाई, शेंगांची टरफलं न्हाईत. नुस्ता चहाचा चोथा आन केळाची सालं. आन ह्यो पार्सलचा रस्सा कागदासंगट कालवलाय. येगळं करून उद्या द्या."

समोरचे देशपांडे ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर खाली झाला. चाळीस वर्षं मी लोकांच्या हिशेबातल्या चुका काढल्या रे, आणि इथं माझं खातं जुळेना. पिशवी घेऊन आत आलो.

आता ते न सांगवणारं. त्या रात्री साडेदहाला, गल्ली सामसूम झाल्यावर, ती पिशवी मी उचलली आणि तुझ्या घराच्या कोपऱ्यावर, दगडी पायरीच्या आडोशाला ठेवून आलो. तिथं आधीच तीन-चार पिशव्या होत्या. बंद घराचा कोपरा म्हणजे गल्लीला आयती जागा. कुणाचं घर नाही म्हणजे कुणाचा डोळा नाही. मी कुलपाकडे बघितलंसुद्धा नाही.

सकाळी गाणं वाजलं. दारात मावशी, हातात माझी पिशवी.

"काका, तुमची ऱ्हायली बघा तिकडं."

मी म्हणालो, माझी कशावरून? त्यांनी पिशवी उघडून दाखवली. आलं ठेचून घातलेला चोथा आणि साखरेच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. "ह्या गल्लीत असा चहा एकाच घरात." देशपांड्यांनी या वेळी पेपर खाली केलाच नाही. नुसतं हसताना तो हलत होता.

मग ओट्यावर बसून मी ती पिशवी हातांनी निवडली. ओलं हिरव्यात, सुकं निळ्यात, इन्सुलिनच्या सुया वेगळ्या, जुन्या बिस्किटाच्या डब्यात, वर लाल खूण करून. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरानं ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करून द्यायचे हे लिहिलेलं होतं, ते मी वाचलंही होतं. वाचणं वेगळं आणि कालच्या रश्श्यातून प्लॅस्टिक ओढून काढणं वेगळं.

तू डोंबिवलीत बसून "कराड देशात पहिलं" या बातमीला कायम हसत आलास. पण बातमी खरीच होती. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत कराड पहिलं, सासवड दुसरं, लोणावळा तिसरं. पुढच्या वर्षी विट्यानं पहिला नंबर नेला आणि आपल्याकडच्या लोकांची झोप उडाली. हरायचं तर इंदूरकडून हरावं, पण विट्याकडून? माझा विट्याचा मेहुणा तेव्हापासून लग्नात भेटला की आधी कचऱ्याचं काढतो. २०२२ ला पाचगणीनं बाजी मारली आणि कराड तिसरं आलं, तेव्हा कुठं आमचं त्याच्याशी बोलणं सुरू झालं. गाव स्वच्छ राहण्याचं कारण काय, हे विचारशील तर मला वाटतं नंबरापेक्षा ती मावशी. नंबर कागदावर येतात, पिशवी हातात येते.

बाकी गाव. आपली नगरपालिका १८५५ ची, म्हणजे सत्तावन्नच्या आधीची, हे मास्तर आपल्याला छाती फुगवून सांगायचे ते आठवतं? पी. डी. पाटीलसाहेब ४२ वर्षं नगराध्यक्ष होते. आपण जन्मलो तेव्हाही तेच आणि आपल्या मुंजी-लग्नांपर्यंत तेच, त्यामुळं मला लहानपणी "नगराध्यक्ष" हे त्यांचं आडनाव वाटायचं. मधली चार वर्षं बहुतेक पालिकांवर प्रशासक होते. आता डिसेंबरात निवडणुका झाल्या, गल्लीत पुन्हा नमस्कार सुरू झालेत. निवडणुकीआधी लोक वाकून नमस्कार करतात, नंतर मान हलवतात. सध्या आम्ही मान हलवण्याच्या टप्प्यावर आहोत.

तुला खरं कळायला हवं ते संध्याकाळचं. प्रीतिसंगमावर आता रोज जातो. डॉक्टरांनी चाळीस मिनिटं सांगितलीत, मी दहा मिनिटं चालतो आणि तीस मिनिटं बसतो. बागेत व्यायामाची ती पिवळी-निळी यंत्रं बसवलीत. त्यातल्या एकावर एक धोतरातले आजोबा रोज उभे राहून दोन्ही पाय झुलवतात आणि त्याच वेळी शेजारच्याशी उसाच्या दराबद्दल बोलतात. नदी जानेवारीत शांत आहे. पाणी खाली गेलंय, मधली दगडं दिसतात. कृष्णा उत्तरेकडून, कोयना दक्षिणेकडून, दोघी अगदी समोरासमोर येतात आणि भेटल्यावर एकदम काटकोनात वळून पूर्वेला जातात. आपण हे रोज बघत वाढलो म्हणून आपल्याला त्याचं काही नाही. परवा बाहेरगावचा एक पोरगा बापाला विचारत होता, "यातली कुठली कुठं गेली?" बाप गप्प. मीही गप्प.

यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ शाळेच्या सहली असतात. मुलं पळतात, मास्तर ओरडतात, मग सगळी भेळेच्या गाड्याकडे. मी त्या दगडी पायऱ्यांवर बसतो जिथं तुझ्या पाठीला तेलाचा डबा बांधून तुझ्या वडिलांनी, दादांनी, तुला ढकललं होतं. डबा गळका निघाला होता. तू दोनदा खाली गेलास, तिसऱ्यांदा वर आलास तेव्हा तुझ्या तोंडात पाण्याऐवजी शिवी होती. दादांनी आधी तुला बाहेर ओढलं आणि मग त्या शिवीबद्दल मारलं. तुझा तो डाव्या कानाचा बहिरेपणा पाण्यानं की त्या थपडेनं, यावर आपलं अजून एकमत नाही.

पावसाळा मात्र तू इथं नव्हतास म्हणून सांगतो. कोयना धरणात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, पाणी मावतं आणि धरण भरत आलं की सहाही दरवाजे वर जातात. दरवाजे किती फुटांवर, हा आकडा त्या दिवसांत कराडात सोन्याच्या दरासारखा विचारला जातो. रिक्षातून भोंग्यावर नदीकाठच्यांना सावध करत फिरतात आणि त्याच वेळी सगळं गाव पूर बघायला घाटाकडे निघतं. पोलीस दोर बांधतात, लोक दोराला चिकटून उभे. करमणूक म्हणशील तर आपल्या गावाची सगळ्यांत जुनी करमणूक हीच. २०१९ च्या पावसात जुन्या कृष्णा पुलाचा काही भाग गेला. सायकलवरून आपण ज्या पुलावरून विद्यानगरला कॉलेजात जायचो तोच. मी दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. रस्ता पुढे चालत होता आणि मध्येच नव्हता. बराच वेळ उभा होतो, मग घरी येऊन काही न बोलता जेवलो.

डिसेंबरात विजय दिवस झाला. १९९८ पासून कर्नल संभाजीराव पाटलांनी सुरू केला तो. एकाहत्तरच्या युद्धातल्या विजयासाठी. आपल्या शिवाजी स्टेडियममध्ये जवानांच्या कसरती, छत्रीधारी जवान वरून उतरतात, पोरं ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. तुझ्या वेळी हे नव्हतं. ज्या मैदानात आपण क्रिकेटचा चेंडू हरवायचो तिथं आभाळातून माणूस उतरतो म्हणजे काय, हे तू एकदा बघच. आणि डोंगरांचं म्हणशील तर पहाटे सदाशिवगडावर चढणारे आणि आगाशिवावर चढणारे असे गावात दोन पंथ झालेत. एकमेकांना ते फार मानत नाहीत. देशपांडे आगाशिववाले. लेण्यांपर्यंत जाऊन आल्याचं रोज सांगतात, त्यांचे बूट मात्र रोज कोरडे आणि स्वच्छ असतात.

आता घरपट्टी. इथं जरा नीट वाच.

पालिकेच्या आकारणी रजिस्टरला घर अजून दादांच्याच नावावर आहे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. तुझं नाव लागायला मृत्यूचा दाखला, मालमत्ता पत्रक आणि सगळ्या वारसांच्या संमतीच्या सह्या लागतील. सगळ्या म्हणजे ताईचीसुद्धा. विकायचं ठरवलंस तरी हे आधी करावंच लागेल आणि ठेवायचं ठरवलंस तरी. तू ताईशी बोलला नाहीस हे मला तिच्याकडूनच कळलं. ती गेल्या महिन्यात बाजारात भेटली होती. रागावली नव्हती. "त्यानं विचारलं असतं तर मी सहीच केली असती," एवढंच म्हणाली. ते ऐकून मला राग परवडला असं झालं.

पट्टी थकली की थकलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. हे तू व्याज समजून सोडून देऊ नकोस, वर्षाचे चोवीस टक्के होतात, माझ्या बँकेनंही कुणाला एवढे लावले नव्हते. मार्चअखेरीला वसुलीवाले दारोदार फिरतात आणि थकबाकी जास्त असली की आधी नळ तोडतात. तुझ्या नळाला पाणी कुणी पीत नाही, पण पाणीपट्टी चालूच आहे. पलीकडं मलकापूरनं मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, जेवढं वापराल तेवढं भरा. तुझ्यासारख्या कुलूपवाल्याला ते सोयीचं झालं असतं. पण घर मलकापुरात नाही, सोमवार पेठेत आहे.

मी गल्लीतली दारं मोजली. अकरा. त्यातल्या पाचांना कुलूप. दोन पोरं पुण्यात, एक बेंगळुरूला, एक अमेरिकेत, आणि तू. घंटागाडी पाचही दारांपुढे सवयीनं जरा हळू होते आणि पुढे जाते. तुम्हा पाचांची घरपट्टी येते, पण कचरा येत नाही. मावशींच्या भाषेत सांगायचं तर तुमची घरं डब्यावरून ओळखता येत नाहीत.

विकावं का ठेवावं, हे मी सांगणार नाही. घेणारा आहे, भावही बरा सांगतोय, खाली गाळे काढून वर तीन मजले चढवायचा त्याचा बेत आहे. पैशाची गरज असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. नसेल तर घाई करू नकोस. एवढंच माझं मत, आणि ते तू विचारलंस म्हणून.

एक राहिलं. माझी पिशवी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशींनी तुझ्या कोपऱ्यावरचा सगळा ढीग उचलला, जागा झाडली आणि पायरीपुढे रांगोळी काढली. साधीच, चार रेघा आणि मधे कमळ. म्हणाल्या, "रांगोळीवर पिशवी टाकायला मानसाचा हात होत न्हाई." खरंच होत नाही. महिना झाला, तिथं एक कागद पडलेला नाही. तेव्हापासून रोज सकाळी तुझ्या बंद दारापुढे रांगोळी असते. येणाजाणाऱ्यांना वाटतं घरात कुणी आलंय. परवा पोस्टमन थांबून कडी वाजवत होता.

मावशींची सुट्टी असते त्या दिवशी मी काढतो. माझं कमळ कोबीसारखं दिसतं, देशपांडे तसं रोज म्हणतात. सुनंदाला अजून सांगितलेलं नाही.

तर फेब्रुवारीत ताईला घेऊन ये. एकटा येऊ नकोस. मागच्या दाराच्या कुलपाची चावी तुझ्याकडेच आहे, पुढच्याची माझ्याकडे. दोन्ही गंजलीत, खोबरेल मी आणून ठेवतो.

तुझा,
शिऱ्या