थॉर्प पत्ते पाठ करत नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला, ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजून कॅसिनोवर मात करणारे अमेरिकी गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांच्यावरील लेख वाचनीय होता, पण ‘निघालेला प्रत्येक पत्ता ते लक्षात ठेवत’ हे विधान चुकीचे आहे. मेंढीकोटात कोणते हुकूम उतरले हे डोक्यात ठेवावे लागते. ब्लॅकजॅक म्हणजे पत्त्यांची बेरीज २१ च्या वर न नेता डीलरपेक्षा (कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा) जास्त करायचा खेळ; त्यातल्या मोजणीला तेवढीही स्मरणशक्ती लागत नाही.

१९५६ मध्ये अमेरिकी लष्करातल्या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर या खेळाची मूळ खेळी (पत्ता कधी घ्यायचा, कधी थांबायचे याचे नियम) बसवली होती. प्रत्येक हात पूर्ण ५२ पत्त्यांतून वाटला जातो, असे त्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात वाटलेले पत्ते पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाहीत. थॉर्प यांनी नेमके हेच हेरले आणि एमआयटीत आयबीएम ७०४ संगणकावर फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहून एकेक पत्ता काढल्याने काय फरक पडतो ते मोजले. चारही पंज्या निघून गेल्या, तर खेळाडूला सुमारे ३.३ टक्के फायदा! तिथलेच गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्यामार्फत या गणिताचा निबंध १९६१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला.

लेखात दिलेली अधिक-उणे पद्धतही मुळात थॉर्प यांची नव्हे. ती अमेरिकी अभियंता हार्वी डब्नर यांची. थॉर्प यांनी आपल्या पुस्तकाच्या १९६६ च्या आवृत्तीत ती घेतली. दुर्री ते छक्की दिसली की अधिक १, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, दश्शी, चित्रे आणि एक्क्याला उणे १. बेरीज वाढली म्हणजे उरलेल्यांत मोठे पत्ते दाट झाले. डीलरला १६ वरही पत्ता घ्यावाच लागतो, त्यामुळे तो जास्त वेळा फुटतो, म्हणजे २१ च्या वर जाऊन हरतो. ‘ब्लॅकजॅक’ (पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता) दोघांनाही जास्त लागतो, पण दीडपट पैसे फक्त खेळाडूला मिळतात.

नवशिके चुकतात ते भागाकारात. सहा कॅट आहेत, दोन संपले, बेरीज अधिक ८. उरलेल्या चार कॅटांनी भागल्यावर खरी गणती फक्त २. मूळ खेळीत कॅसिनोची आघाडी साधारण अर्धा टक्का असते आणि गणतीचा प्रत्येक अंक साधारण अर्धा टक्का खेळाडूकडे सरकवतो. म्हणजे इथे फायदा अर्धा टक्काच. अशा स्थितीतल्या हजार रुपयांच्या पैजेवर सरासरी पाच रुपये! शंभर हातांत ५०० रुपये, आणि प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती इकडेतिकडे जातात त्याचे माप) मात्र साडेअकरा हजारांच्या आसपास. बिनचूक मोजणारा माणूसही महिनोन्‌महिने तोट्यात राहू शकतो तो यामुळेच.

म्हणून थॉर्प यांनी पैजेच्या आकारासाठी अमेरिकी संशोधक जॉन केली यांचे १९५६ चे सूत्र वापरले. फायद्याला विचरणाने (एका हाताच्या प्रमाण विचलनाचा वर्ग, पैज १ धरल्यास सुमारे १.३) भागायचे, येईल तेवढाच हिस्सा भांडवलातून लावायचा. वरच्या उदाहरणात हजाराच्या पैजेमागे २ लाख ६० हजारांहून अधिक भांडवल लागते. सावध माणूस त्याच्या दुप्पट धरतो. फायदा नसेल तेव्हा किमान पैज लावायची किंवा उठायचे. लेखात या भागावर एक ओळही नाही, आणि आमच्या मते गणित म्हणून सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

१९६४ च्या एप्रिलमध्ये लास वेगासच्या कॅसिनोंनी मोजणाऱ्यांना रोखण्यासाठी नियम कडक केले, गिऱ्हाईक रोडावताच काही आठवड्यांत मागे घेतले. पुढचे उपाय जास्त परिणामकारक ठरले: जास्त कॅट, लवकर पिसणे, आणि सतत पिसणारे यंत्र. या यंत्रात वापरलेले पत्ते लगेच परत जातात, त्यामुळे मोजण्यासारखे काही उरतच नाही.

गोव्यात मांडवी नदीतल्या तरंगत्या कॅसिनोंत जाणाऱ्यांनीही टेबलावरची पाटी आधी वाचावी. ब्लॅकजॅकला ३ ला २ ऐवजी ६ ला ५ असेल, तर हजारावर १५०० ऐवजी १२०० मिळतात. ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा लागतो, म्हणजे कॅसिनोची आघाडी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढली. ती भरून काढायलाच गणती जवळपास तीनने जास्त लागेल.

— संख्याशास्त्राचे दोन शिक्षक, पुणे