काकू, तुमच्या त्या एका ‘केव्हा?’साठी

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

नाव घालून लिहिलेलं तुम्हाला खपणार नाही, म्हणून नुसतं काकू. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. साठी उलटलेल्या, थर्मास घेऊन हँगरमध्ये बसणाऱ्या मराठी फ्लाइट इन्स्ट्रक्टर पेन्सिल्व्हेनियात असून असून किती असणार! पत्र उघडपणे लिहितोय, कारण माझ्यासारखे दीडशे तास उडवून स्वतःला तयार समजणारे इकडे बरेच आहेत. त्यांनीही वाचावं.

त्या शनिवारी सकाळी मी आप्पांना, म्हणजे सांगलीहून आलेल्या माझ्या सासऱ्यांना, सेसना 172 या छोट्या विमानातून डेलावेअर वॉटर गॅप दाखवायला नेलं. डोंगर कापून नदी बाहेर पडते ती खिंड वरून बघून आप्पा हरखून गेले. तिथून नदी धरून दक्षिणेला, ईस्टनकडे निघालो. तेवढ्यात डाव्या अंगाला एक राखाडी विमान आलं, पंख हलवले आणि सुळकन पुढे गेलं. आमचा वेग जेमतेम 110 नॉट. एफ-16 या लढाऊ विमानाला इतकं सावकाश चालणं जमत नाही, म्हणून ते वळसा घालून परत आलं. आप्पा म्हणाले, “सलामी देतायत वाटतं,” आणि त्यांनी काचेतून हात हलवला. मग त्याने आमच्यापुढे फ्लेअर सोडले. जळते गोळे खाली जाताना पाहून आप्पांचा हात तसाच वर राहिला.

पुढचं माझ्या हातांनी केलं, डोकं बंदच होतं. पंख हलवून ‘समजलं’ म्हणून कळवलं, रेडिओ 121.5 या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर नेला. तिथे एक शांत आवाज मलाच हाका मारत होता, कोण जाणे किती वेळ. पश्चिमेला वळायला सांगितलं, वळलो. उतरलो तेव्हा धावपट्टीच्या कडेला दोन अधिकारी उभे होते आणि त्यांच्या मागे, थोडं अंतर राखून, तुम्ही.

तुम्ही माझ्याकडे आला नाहीत. आधी आप्पांकडे गेलात, त्यांना खुर्ची दिलीत, चहा ओतलात. मला फक्त जाता जाता म्हणालात, “विचारतील तेवढंच सांग, खरं सांग, वाद घालू नकोस.” आत माझी चौकशी चालू असताना तुम्ही आप्पांना 11 मे 2005 ची गोष्ट सांगितलीत, हे मला नंतर कळलं. आपल्या पेन्सिल्व्हेनियातल्याच स्मोकटाउनहून निघालेलं एक सेसना 150 वाट चुकून वॉशिंग्टनवर गेलं, व्हाइट हाऊसपासून तीन मैलांवर पोचलं, कॅपिटॉल रिकामं करावं लागलं. तेव्हाही एफ-16 आलं, तेव्हाही फ्लेअर सोडले, आणि विमान मेरीलँडमधल्या फ्रेडरिकला सुखरूप उतरवलं. आप्पा त्यानंतर एकदम निवांत झाले. “म्हणजे जावई काही पहिलाच नाही,” असं घरी येऊन मुलीला सांगितलं त्यांनी!

अधिकारी गेल्यावर मी सुरू झालो. राष्ट्राध्यक्ष न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टरच्या गोल्फ क्लबवर आले की आकाशात टीएफआरचं, म्हणजे तात्पुरत्या उड्डाणबंदीचं, वर्तुळ पडतं, हे मला काय माहीत नव्हतं? 30 नॉटिकल मैलांची त्रिज्या, 18,000 फुटांखालचं सगळं आकाश. आतल्या 10 मैलांत आमच्यासारख्यांना मज्जावच, आणि बाहेरच्या कड्यात शिरायचं तर फ्लाइट प्लॅन हवा, नियंत्रकाने रडारवर ओळखण्यासाठी दिलेला वेगळा कोड हवा, त्याच्याशी बोलणं चालू हवं. सगळं पाठ होतं. “पण काकू, मी टीएफआर बघितला होता हो!” हे मी पाच-सहा वेळा तरी म्हणालो असेन.

तुम्ही कप खाली ठेवून विचारलंत, “केव्हा?”

शुक्रवारी रात्री. जेवण झाल्यावर, सोफ्यावर. तेव्हा वर्तुळ सुरू होण्याची वेळ शनिवार संध्याकाळची दाखवत होती. सकाळपर्यंत ती अलीकडे आली होती आणि माझ्या टॅबलेटवर रात्रीचंच चित्र होतं. मी ॲपला शिव्या घालायला तोंड उघडलं, पण तुम्ही एक कोरा कागद पुढे सरकवलात. निघाल्यापासूनचं मिनिटामिनिटाचं लिही, म्हणालात. लिहिताना ‘ट्रान्सपॉन्डर 1200’ असं आलं, म्हणजे नियंत्रकाशी न बोलता उडणाऱ्या सगळ्यांचा तो सरसकट कोड, आणि त्यापुढे हात थांबला. फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे नियंत्रकाची रडारवरची सोबत, का नाही घेतलं? घेतलं असतं तर नियंत्रकाने वेळीच अडवलं असतं. खरं कारण लाजिरवाणं होतं: मला आप्पांशी निवांत गप्पा मारायच्या होत्या, मधे मधे रेडिओ नको होता. तेही लिहायला लावलंत. तुम्ही रागावला असतात तर मी रागावण्याला उत्तर दिलं असतं. त्या कागदाला काय उत्तर देणार?

त्याच कागदावरून त्याच रात्री नासाचा अहवाल भरला, म्हणजे वैमानिकांनी आपली चूक आपणच कळवायची त्या योजनेचा. अनेकांना अजून वाटतं की नासाला कळवणं म्हणजे आपणच आपली चहाडी करणं. ही योजना 1976 पासून आहे, आणि ती नासाकडे ठेवली आहे ती शिक्षा करणारं खातं वेगळं राहावं म्हणूनच. चूक नकळत झालेली असेल, त्यात गुन्हा नसेल, आधीच्या पाच वर्षांत दुसरं उल्लंघन नसेल आणि दहा दिवसांत कळवलं असेल, तर ठपका राहतो पण शिक्षा भोगावी लागत नाही. माझं तसंच झालं. परवान्याचं 30 दिवसांचं निलंबन कागदावर आलं, आणि अहवालाची पोच म्हणून नासाकडून पोस्टाने आलेली तारखेची ती चिंचोळी पट्टी दाखवल्यावर कागदावरच राहिलं. ती पट्टी जपून ठेव, असं तुम्ही तीनदा बजावलं होतंत. मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं.

नंतरचे चार रविवार तुम्ही मला पुन्हा शिकवलंत आणि पेट्रोलखेरीज एक डॉलर घेतला नाहीत. आता इंजिन सुरू करण्यापूर्वी विमानाशेजारी उभा राहून फ्लाइट सर्व्हिसला, म्हणजे वैमानिकांना हवामान आणि बंदीची माहिती देणाऱ्या सेवेला, फोन करतो. त्या संभाषणाची नोंद राहते, हेही तुम्हीच सांगितलेलं. दुसरा रेडिओ कायम 121.5 वर असतो. बहुतेक वेळा तिथे कोणीतरी चुकून बटण दाबतं आणि दुसरं कोणीतरी त्याच्यावर खेकसतं, एवढंच ऐकू येतं. ऐकतो.

आप्पा परत गेले. सांगलीत गोष्ट आता बरीच वाढली आहे. परवा फोनवर लढाऊ विमानं दोन झाली होती.

तुमचा थर्मास अजून आमच्याकडेच आहे. येत्या रविवारी विमानानेच आणून देणार होतो, पण आत्ता पुन्हा बघितलं, रविवारी वर्तुळ आहे. गाडीने येतो.

तुमचा,
1200